टपाखालचं कापड

जुन्या गाडीत बसून वर पाहिलं की जे कापड किंवा रेक्झिन दिसतं, ते टपाला चिकटवलेलं नसतं. ते टांगलेलं असतं. ही एवढीशी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कितीतरी चांगल्या गाड्या आतून बिघडल्या आहेत. त्यातली एक आमच्या घरची होती, म्हणून हा लेख.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची, गडद निळी. वडील गेल्यावर ती दोन पावसाळे ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन सुरू झालं, ब्रेकचं काम झालं, पण टपाचं अस्तर गेलेलं होतं. मधोमध झोळ, मागच्या काचेजवळ उंदरांनी कुरतडलेला कोपरा आणि दिव्याभोवती चहाच्या रंगाचा डाग. सीट कव्हरं शिवणाऱ्या एका दुकानात गाडी दिली. तिसऱ्या दिवशी परत मिळाली तेव्हा टप आतून पांढराशुभ्र दिसत होता. त्यांनी जुनं अस्तर ओढून काढलं होतं आणि नवं रेक्झिन सोल्युशन लावून थेट पत्र्याला चिकटवलं होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत सगळं ठीक चाललं. मार्चच्या शेवटी पहिला फुगा आला, तळहाताएवढा. एप्रिलमध्ये फुगे एकमेकांना मिळाले आणि मे महिन्यात मागे बसणाऱ्याला एक हात वर धरूनच बसावं लागे. अस्तर ज्यांवर टांगलेलं असतं त्या जुन्या सळ्या मी दुकानात जाऊन मागितल्या. त्या अस्तर काढलं त्याच दिवशी भंगारात गेल्या होत्या.

असं होणारच होतं. उन्हात उभ्या गाडीचा टप म्हणजे तवा. गडद रंगाचा पत्रा मे महिन्यात ७० अंशांच्या पुढे तापू शकतो. रेक्झिनवाल्यांचं नेहमीचं सोल्युशन, म्हणजे तो पिवळसर रबरी गोंद, एवढ्या उष्णतेत मऊ पडतो. रेक्झिन लवचिक राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं घातलेली असतात. तीही उष्णतेने हळूहळू बाहेर येऊन गोंदात मुरतात आणि त्याला आणखी ढिला करतात. त्यात रेक्झिनचं वजन रात्रंदिवस खाली ओढत असतं. चिकटवण्यामुळे दुसरंही एक नुकसान झालं, आणि ते मला जास्त बोचलं. पत्रा आणि अस्तर यांच्यामध्ये जी पोकळी होती ती गेली. दुपारी गाडीत बसलं की डोक्यावर भट्टी असल्यासारखं वाटायचं आणि पाऊस आला की डब्यात बसल्यासारखा आवाज यायचा. ही गाडी पूर्वी अशी नव्हती.

'छत' हा शब्द आज आपण सिमेंटच्या स्लॅबलाही लावतो. जुन्या वाड्यांत मात्र छत म्हणजे कापड. आढ्यातून माती, वाळवीचा भुसा, काजळी खाली पडू नये म्हणून दिवाणखान्यात तुळयांखाली कापड ताणून बांधायचे, ते छत. देवावरचा चांदवाही त्याच कुळातला. जुन्या मोटारीतलं अस्तर नेमकं या अर्थाने छत आहे. वर खरा टप, खाली ताणून बांधलेलं कापड, मध्ये हवा. जर्मन लोक गाडीच्या या भागाला 'हिमेल' म्हणतात, इटालियन 'चिएलो'. दोन्हींचा अर्थ आकाश. आपल्याकडे कारागिरांच्या तोंडी 'रूफ लायनिंग' किंवा नुसतं 'रूफ' असतं.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात बंद गाडीचा टपसुद्धा बऱ्याच अंशी कापडाचाच असे. लाकडी कमानी, त्यावर जाळी, भरण आणि वरून पाणी न शिरणारं मेणकापडासारखं आवरण. एवढा मोठा पत्रा एका ठोक्यात दाबून काढणारी यंत्रं तेव्हा नव्हती. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना अखंड पत्र्याचा टप दिला आणि मग सगळेच त्या वाटेने गेले. लाकडी कमानी गेल्या, पण आतलं कापड ताणायला काहीतरी हवंच होतं. त्या कमानींच्या जागी बारीक पोलादी सळ्या आल्या. १९५३ मध्ये आलेल्या नव्या फियाट ११०० च्या घराण्यातली आपली पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने ती बनू लागली आणि पुढे 'पद्मिनी' झाली. नाव बदललं, टपाखालच्या सळ्या राहिल्या.

आता या सळ्यांकडे जरा जवळून पाहू, कारण सगळं काम त्यांच्यावर आहे.

अस्तर म्हणजे एकच सलग कापड नसतं. गाडीच्या रुंदीएवढे तीन-चार-पाच आडवे पट्टे एकमेकांना शिवलेले असतात. प्रत्येक जोडाच्या शिलाईत वरच्या अंगाला, म्हणजे आपल्याला दिसणार नाही अशा बाजूला, मांजरपाटाचा नेफा शिवलेला असतो. लेंग्याला नाडीसाठी असतो तसाच. त्या नेफ्यातून सळई ओवायची. सळई धनुष्यासारखी वाकलेली असते. तिची दोन टोकं टपाच्या दोन्ही बाजूंच्या पट्टीतल्या भोकांत बसतात आणि ती कमान करून उभी राहते. अस्तर सळ्यांना लटकतं आणि चारी कडांनी ताणलं जातं. पुढची आणि मागची कड काचेच्या रबराखाली जाते, बाजूच्या कडा दरवाजांच्या वरच्या पत्र्याच्या काठावर वळवून चिकटवतात आणि त्यावर बीडिंग बसतं. गोंद फक्त या कडांना. मधल्या सगळ्या पसाऱ्यात गोंदाचा एक थेंबही नसतो.

सळ्या दिसायला सारख्या, पण एकसारख्या दोन नसतात. टप पुढे उतरता, मध्ये उंच, मागे पुन्हा उतरता. म्हणून प्रत्येक सळईची लांबी आणि वाक वेगळा. दोन सळ्यांची अदलाबदल झाली तर एका जागी कापड पत्र्याला टेकतं आणि शेजारी झोळ पडतो. मग कितीही ओढा, तो जात नाही. काही गाड्यांत एका सळईसाठी वर-खाली दोन-तीन भोकं असतात. कोणत्या भोकात टोक होतं तेही लक्षात ठेवावं लागतं.

हे सारं मला शिकवलं ते पुण्यात नाना पेठेजवळ गाड्यांची अंतर्गत शिलाई करणाऱ्या एका मास्तरांनी. गाडी दारात उभी केली तेव्हा त्यांनी दार उघडलं, वर नुसता हात फिरवला आणि विचारलं, "ताई, तारा कुठं गेल्या हिच्या?"

तारा म्हणजे सळ्या. मी घडलेलं सांगितलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कापडाचं नंतर बघू. कापड काय, कुठंही मिळेल. आधी तारा आणा."

"नव्या वाकवून नाही का घेता येणार, मास्तर?"

"येतील की. पण नमुना कुठाय?"

नमुना मुंबईत सापडला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींना २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्याआधीची कित्येक वर्षं या टॅक्सी एकेक करून भंगारात निघत होत्या. कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडे दरवाजे, बंपर, हेडलाइटच्या कड्या यांच्या ढिगामागे मला सुतळीने बांधलेली एक जुडी मिळाली. गंजलेल्या सळ्या, काहींच्या टोकांना अजून मळकट नेफ्याच्या चिंध्या. ज्या उपनगरात त्या गाड्या घडल्या तिथूनच आमच्या गाडीला तिचा टप परत मिळाला. मास्तरांनी सळ्या जमिनीवर ओळीने मांडल्या, लांबी पाहिली, गाडीत एकेक लावून पाहिली आणि खडूने १, २, ३ घातलं. पहिली पुढची. सळ्या घासून, गंज काढून त्यांना रंग मारला. हे टाळू नये. गंजकी सळई पावसाळ्यात ओलावा धरते आणि वर्षा-दोन वर्षांत पांढऱ्या अस्तरावर तपकिरी आडव्या रेघा उमटतात.

टप उघडा झाला की घाई करून कापड लावू नये. ही संधी वीस-पंचवीस वर्षांतून एकदा येते. आमच्या टपाच्या आतल्या बाजूने मागच्या काचेच्या वरच्या ओळीत गंज होता. दिव्याभोवतीचा तो चहाच्या रंगाचा डाग तिथूनच आला होता, कारण काचेचं रबर कडक होऊन पाणी आत झिरपत होतं. नवं अस्तर लावून डाग झाकला असता तर दुसऱ्या पावसाळ्यात तो पुन्हा आला असता. गंज तारेच्या ब्रशने घासला, रेड ऑक्साइड मारला, रबरं नवी आणली. टपातल्या दिव्याची वायर तपासली. ती वायर अस्तराच्या वरून जाते, नंतर हात पोचत नाही. जुन्या गाड्यांत पत्र्याला आतून नमद्याचे किंवा तागाचे तुकडे लावलेले असत, आवाज आणि ऊन अडवायला. ते सुटून कापडावर पडलेले असतील तर अस्तराला मध्येच ओझं येतं. त्या जागी पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा पातळ फोम लावावा. गादीचा स्पंज अजिबात लावू नये. तो पाणी पितो, आणि पत्र्याला चिकटून ओला राहिलेला स्पंज म्हणजे आतून टप कुजवायचा उत्तम उपाय. थर जाडही नको, कारण सळ्या आणि पत्रा यांत जागा राहिली पाहिजे.

शिलाईसाठी जुनं अस्तर हाच नमुना असतो. ते ओढून फाडू नये. आमचं तर आधीच गेलेलं, म्हणून मास्तरांना सळ्या गाडीत लावून, त्यांच्यामधलं अंतर मोजून, वर्तमानपत्राचे कागद चिकटवत नमुना काढावा लागला. त्यात त्यांचा एक पूर्ण दिवस गेला. जुनं हाती असेल तर गाडीत असतानाच त्यावर पेनाने पुढून मागे मधोमध रेघ मारावी, सगळे भाग काढावेत, मग उसवून पट्टे वेगळे करावेत आणि नव्या कापडावर ठेवून आखावेत. प्रत्येक जोडाला समोरासमोर खुणेच्या बारीक खाचा द्याव्यात. शिंपी बाहीला देतो तशा. कडांना चारही बाजूंनी निदान ७-८ सेंटिमीटर कापड जास्त सोडावं. जुनं रेक्झिन वर्षानुवर्षं उन्हाने आकसलेलं असतं. त्याच्या मापाने तंतोतंत कापलं की नवं तोकडं पडतं. मधली रेघ नव्या कापडावरही उलट बाजूने हवीच. पुढे ताण देताना कापड कुठे सरकतंय हे त्या रेघेवरून कळतं.

कडांचं बीडिंग, सनव्हायझर, आरसा, दिवा, धरायची हँडलं हे सगळं आधी निघतं. स्क्रू एकाच डब्यात टाकायचे नाहीत. प्रत्येक वस्तूचे तिच्या पुडीत, पुडीवर नाव. पुढची आणि मागची काच काढणं उत्तम. न काढता रबर उचकटून कापड आत सारणारे कारागीर आहेत आणि काहींचं काम चांगलंही होतं, पण माझं मत विचाराल तर काच काढूनच करावं. रबराखाली कापड नुसतं कोंबलेलं असेल तर ते पहिल्याच उन्हाळ्यात बाहेर येऊ लागतं.

मग तो दिवस येतो. अस्तर सकाळी उन्हात पसरून ठेवलं. गरम रेक्झिन ताणाला ऐकतं, थंड रेक्झिन हटून बसतं. सळ्या नंबरवार नेफ्यांत ओवल्या. मास्तरांनी मागच्या सळईपासून सुरुवात केली. कित्येक गाड्यांत मागची सळई छोट्या आकड्यांनी किंवा तारेने मागे अडकवलेली असते, म्हणजे पुढून ओढलं तरी ती पुढे येत नाही. सगळा ताण तिच्या भरवशावर असतो. टोकं भोकांत घालण्याआधी त्यांनी प्रत्येक टोकाला कापडाची पट्टी गुंडाळली. "नाहीतर खड्ड्यात गेली की किरकिरती," म्हणाले. लोखंडावर लोखंड घासण्याचा तो बारीक आवाज मला वडिलांच्या वेळेपासून आठवतो. तो कुठून येतो हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच सापडलं नव्हतं.

सगळ्या सळ्या उभ्या झाल्या तेव्हा अस्तर धुवायला टाकलेल्या चादरीसारखं लोंबत होतं. मला धस्स झालं. पण इथूनच खरं काम सुरू होतं. मधल्या रेघेवर डोळा ठेवून मास्तरांनी आधी मागची कड मध्यावर ओढून कागदाला लावतात त्या मोठ्या क्लिपांनी पकडली, मग पुढची मध्यावर. मग मध्यापासून थोडं डावीकडे, तेवढंच उजवीकडे. एका बाजूला एकदम ओढत गेलं की शिलाई नागमोडी होते, आणि शिलाईची रेघ वाकडी झालेली प्रवाशाला आधी दिसते. पुढे-मागे ताण बसला की मग बाजू. इथे नेफ्याची एक खोच आहे. सळई बाजूला खाली वळते तिथपर्यंत नेफा शिवलेला असेल तर तो कापडाला वर ओढून धरतो आणि जोडाच्या टोकाला चुणी पडते. मास्तरांनी ब्लेडने नेफ्याचं टोक बोटभर उसवलं, कापड ओढून पाहिलं, पुन्हा अर्धं बोट उसवलं. चुणी विरघळल्यासारखी गेली. एकदम जास्त उसवलं असतं तर सळईचा आधार सुटून तिथे पोट आलं असतं. या एका हालचालीसाठी मी त्यांच्याशेजारी उभी होते, असं आता वाटतं.

गोंद शेवटी लागतो. पाण्यात विरघळणारा पांढरा फेविकॉल इथे उपयोगाचा नाही, तो लाकडासाठी. रबरी सोल्युशन पत्र्याच्या काठाला आणि कापडाच्या कडेला, दोन्हीकडे पातळ लावायचं आणि थांबायचं. दहा-पंधरा मिनिटांनी बोट लावलं तर चिकट लागतं पण बोटाबरोबर तार निघत नाही, तेव्हा दोन्ही कडा एकमेकींवर दाबायच्या. ओलं असताना दाबलं तर आतलं द्रावण अडकून पडतं आणि कड सरकते. दरवाजे सगळे उघडे ठेवावेत. या वाफेने डोकं चढतं आणि ती पेट घेते, जवळपास विडी-सिगारेट नको. गोलाईवर कापड बसवताना कडेला छोटे काप द्यावे लागतात, पण काप काठाच्या रेषेच्या अलीकडेच थांबला पाहिजे. एक काप दोन सूत पुढे गेला की तो बीडिंगच्या बाहेर दिसतो आणि त्याला इलाज नसतो. जास्तीचं कापड मास्तरांनी त्या दिवशी कापलंच नाही. गाडी एक दिवस उन्हात उभी ठेवली, क्लिपा पुन्हा एकदा ओढून घट्ट केल्या, मग कापलं. उरलेल्या दोन-तीन बारीक सुरकुत्या केस वाळवायच्या ड्रायरने गेल्या. दिव्यासाठीचं भोक सगळ्यात शेवटी, आणि लागेल त्याहून लहान.

काच बसवताना पाहणं हा आनंद आहे. काचेला रबर चढवलं, रबराच्या आतल्या खाचेत सभोवार सुतळी घातली, साबणाचं पाणी लावलं. काच बाहेरून चौकटीला टेकवली आणि एकजण बाहेरून तळव्याने दाबत असताना दुसऱ्याने आतून सुतळी हळूहळू ओढली. सुतळी निघत गेली तसा रबराचा ओठ पत्र्याच्या काठावरून आत येत गेला, अस्तराची कड त्याखाली गडप झाली.

हे झालं टांगलेल्या अस्तराचं. तुमची गाडी गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली असेल तर बहुधा प्रकार वेगळा असेल. ओळखायचं कसं? वर आडव्या शिलाया दिसतात का ते पाहा आणि तळहाताने दाबा. शिलाया असतील आणि कापड ढोलकीसारखं दबत असेल तर ते टांगलेलं. शिलाई नाही, कापड मऊ आणि खाली पुठ्ठ्यासारखं कडक लागत असेल तर आत साच्यात घडवलेला बोर्ड आहे आणि कापड त्याला चिकटवलेलं आहे. इथे चिकटवणं हीच योग्य रीत.

या दुसऱ्या प्रकारात झोळ पडला की लोक म्हणतात, गोंद सुटला. मग कोणी टाचण्या लावतं, कोणी सुईने गोंद आत सोडतं. दोन्हींनी महिनाभर बरं दिसतं. प्रत्यक्षात गोंद बहुतेक वेळा जागेवरच असतो. कापड आणि बोर्ड यांच्यामध्ये साधारण ३ मिलिमीटर जाडीचा फोमचा थर असतो, कापडाच्या पाठीला कारखान्यातच जोडलेला. तो पॉलियुरेथेनचा. उष्णता आणि दमट हवा यांनी त्याची साखळी वर्षानुवर्षं तुटत जाते आणि शेवटी त्याचं पिवळं-तपकिरी, किंचित चिकट पीठ होतं. कापड फोमपासून वेगळं होतं. म्हणजे गोंद ज्याला धरून बसलाय तेच उरलेलं नसतं. लोंबलेलं कापड चिमटीत धरून हलवलं आणि मांडीवर पिवळी पूड पडली, तर हेच झालंय असं समजा. उन्हात आणि दमट हवेत, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर, हे लवकर होतं.

त्यामुळे काम एकच: बोर्ड बाहेर काढायचा, जुनं सगळं साफ करायचं, फोमची पाठ असलेलं नवं कापड लावायचं. बोर्ड दाबलेल्या तंतूंचा किंवा काचतंतूंचा असतो, वाकला की तडकतो. दोघांनी मिळून, पुढच्या सीट पूर्ण मागे पाडून, मागचं दार असलेल्या गाडीत मागून आणि सेडानमध्ये पुढच्या दारातून तो अलगद काढावा. ज्या गाड्यांत बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग टपाच्या कडेला असतात, त्यांत हे काम घरी करू नये. जाणकाराकडे द्यावं आणि बॅटरी आधी सोडवून घ्यावी.

सगळी मेहनत साफसफाईत आहे. भावाच्या हॅचबॅकचा बोर्ड आम्ही दोघांनी गच्चीवर नायलॉनच्या ब्रशने घासला, दोन तास. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, तरी संध्याकाळी केसांतून पिवळं निघत होतं. फोमचा एक ठिपकाही ठेवायचा नाही. पिठावर चिकटवलेलं कापड पिठासकट सुटतं. तारेचा ब्रश नको, बोर्डाचे तंतू उपटले जातात. तडा असेल तर मागच्या, न दिसणाऱ्या बाजूने काचतंतूची पट्टी आणि रेझिन लावून सांधावा.

चिकटवताना उष्णता सहन करणारा गोंदच मागावा, दुकानात तसं स्पष्ट विचारावं. पातळ, दोन्ही बाजूंना. कापड बोर्डवर पसरून मध्यावर धरायचं, अर्धं उलटून गोंद लावायचा, सुकू द्यायचा, मग मध्यापासून बाहेर तळहाताने बसवत जायचं, त्यानंतर दुसरा अर्धा भाग. खोलगट जागी कापड आधी हाताने आत बसवावं, मग पुढे जावं. खोलावरून कापड ताणून नेलं की पहिल्या उन्हात ते तिथून उठतं. एकदा टेकलं की उचलायचं नाही. टांगलेल्या अस्तरात ताण हवा, इथे ताणच घातक. एक दिवस वाळू द्यावं, मग भोकं कापावीत.

कापडाच्या निवडीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. पडद्याचं किंवा साडीचं सुंदर कापड टपाला लावायचा मोह होतो. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे फुलाफुलांचे टप मलाही आवडत. २०१५ पासून 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमात तरुण चित्रकारांनी टॅक्सींच्या सीट आणि टपांसाठी खास कापडं रेखाटली, तीही देखणी होती. पण गाडीच्या आतलं कापड पेट घेतल्यावर किती वेगाने जळतं याला मर्यादा असते. अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेल्या नियमानुसार ती मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे, आणि आपल्याकडे आयएस १५०६१ हे मानक याच गोष्टीसाठी आहे. साधं सिंथेटिक पडद्याचं कापड भराभर पेटून वितळतं आणि थेंब थेंब खाली पडतं, ते डोक्यावरच. वाहनासाठी बनवलेलंच कापड घ्या. रंग फिकट घ्या. गडद टप आतून गाडी अरुंद करतो, आणि जुन्या गाड्यांच्या काचा आधीच लहान असतात.

आमच्या पद्मिनीला बारीक भोकांचं मोतिया रंगाचं रेक्झिन लागलं. त्यावर आता दोन मे महिने गेले. पुढच्या उजव्या कोपऱ्यात, सनव्हायझरच्या मागे, एक बोटभर चुणी आहे. मास्तरांनी ती स्वतःहून दाखवली होती. बाकी टप सपाट आहे, आणि दुपारी गाडीत बसलं तर डोक्यावर पूर्वीची ती भट्टी नाही.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि तिचं अस्तर बदलायचं असेल, तर ते निघेल त्या दिवशी दुकानात स्वतः थांबा. सळ्या पुढून मागे मोजा, खडूने नंबर टाका, कोणतं टोक कोणत्या भोकात होतं त्याचे फोटो घ्या आणि सुतळीने बांधून त्या घरी घेऊन या. कापड बाजारात कधीही मिळेल. सळ्या मिळणार नाहीत.